गॅस गिझर आणि बॉयलर तपासताना आधी खोलीतली हवा मोजा, मग चिमणीतली

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरात मेडिकल चौकाजवळ तुमचं मुलींचं तीन मजली वसतिगृह आहे. गच्चीवर एलपीजीवर चालणारा गरम पाण्याचा बॉयलर आहे. त्याचं पाणी मेसला आणि खालच्या दोन मजल्यांना जातं. तिसऱ्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, म्हणून तिथल्या चार बाथरूममध्ये एलपीजीचे छोटे इन्स्टंट गिझर बसवलेत. मागच्या आठवड्यात एका मुलीला आंघोळ करताना चक्कर आली आणि ती दाराशीच बसली. सर्व्हिसवाल्याने गच्चीवरच्या बॉयलरच्या चिमणीत धुरातले वायू मोजणारा अ‍ॅनालायझर घातला, एफिशियन्सी ९१ टक्के दिसली आणि ‘सगळं ओके आहे’ सांगून तो गेला. आता तुमच्या आयटीआय झालेल्या भाच्याने एक जुना अ‍ॅनालायझर स्वस्तात मिळवलाय. त्याने स्वतः कसं तपासायचं आणि किती आकडा आला म्हणजे सुरक्षित समजायचं, हे तुम्ही विचारताय.

पहिलं काम आजच करा. ते चारही गिझर बंद करा. नुसतं बटण नको, रेग्युलेटर काढून ठेवा आणि मुलींना कारण सांगा. चार दिवस बादल्यांनी गरम पाणी वर न्यावं लागलं तरी न्या. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असताना कुणाला चक्कर आली, डोकं ठणकलं, मळमळलं, पायातलं बळ गेलं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते कार्बन मोनॉक्साइडमुळेच (गॅस अर्धवट जळल्यावर होणाऱ्या विषारी वायूमुळेच) झालं असं धरायचं. आपल्याकडे ‘सकाळपासून काही खाल्लं नव्हतं’, ‘अ‍ॅसिडिटी असेल’, ‘फार गरम पाणी घेतलं’ एवढ्यावर विषय मिटवतात. कृपा करून मिटवू नका.

असं पुन्हा घडलं तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य आठवणीने सांगा आणि रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासायची विनंती करा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि त्या साध्या उपकरणाला या दोन्हींतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असताना ते ९८ दाखवू शकतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात निम्मा उतरतो. म्हणून दवाखाना लवकर गाठणं महत्त्वाचं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय ‘किती आकडा म्हणजे सुरक्षित’. माझ्या मते यात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. ज्योत नीट जळते का? जळून झालेला वायू इमारतीबाहेर जातो का? जळायला ताजी हवा पुरेशी मिळते का? चिमणीत घातलेला प्रोब (यंत्राची धूर ओढणारी दांडी) पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्याचं अर्धवट देतो आणि तिसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. शिवाय सर्व्हिसवाल्याने तपासला तो बॉयलर. मुलीला चक्कर आली ती दुसऱ्याच उपकरणापाशी. बाथरूममधल्या या छोट्या गिझरांना बहुतेक वेळा चिमणीच नसते. वरच्या जाळीतून सगळा जळका वायू थेट खोलीत येतो. त्यामुळे गच्चीवरचे ते ९१ टक्के कितीही खरे असले तरी तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही.

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर साधारण ११-१२ किलोवॅट उष्णतेचा गॅस जाळतो, म्हणजे तासाला एक किलोला थोडा कमी. एवढा एलपीजी पूर्ण जळायला तासाला बाराएक घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत गिझर खोलीभर हवा वापरतो, आणि झरोका बंद असेल तर स्वतःचाच जळका वायू पुन्हा ज्योतीत ओढून घेतो. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १८-१९ वर उतरला की ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढू लागतो. काही गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. एकट्या माणसाच्या घरात त्याचा थोडा उपयोग होतो. वसतिगृहात मात्र एक मुलगी बाहेर आली की लगेच दुसरी आत जाते. गिझरचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, खोलीतली हवा मात्र आधीचीच असते. तुमच्याकडे चक्कर आलेली मुलगी रांगेत कितवी होती, हे विचारून पाहा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘गॅस गळला तर वास येईलच ना?’ असं बरेच जण म्हणतात. एलपीजीत वासासाठी मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, म्हणून गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, तो सगळीकडे मिसळतो. दोन्ही धोके वेगळे, त्यांची तपासणीही वेगळी. गळतीचा वास येत असेल तर अ‍ॅनालायझर चालूच करू नका, कारण ही यंत्रं स्फोटक हवेत वापरण्यासाठी बनवलेली नसतात. खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका, बाहेर जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा.

आता भाच्याने आणलेल्या यंत्राकडे वळू. जुन्या यंत्राबद्दल माझी सगळ्यात मोठी काळजी अशी, की कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर मेलेला असला तर यंत्र कायम शून्य दाखवतं, आणि शून्य हाच आपल्याला हवा असलेला आकडा असतो. आतले सेन्सर म्हणजे रासायनिक सेल. वापरा किंवा ठेवून द्या, ते संपतातच. ऑक्सिजनचा सेल साधारण दोन-तीन वर्षं टिकतो. मागच्या कॅलिब्रेशनचा (यंत्राचे आकडे बरोबर येतात का याच्या तपासणीचा) कागद मागा. नसेल तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून माहीत असलेल्या तीव्रतेच्या गॅसवर तपासून घ्या, आणि पुढे दरवर्षी घ्या. त्याशिवाय त्या यंत्रावरून कुणाच्या जिवाचा निर्णय घेऊ नका. यंत्र स्वस्तात मिळालंय, पण सेन्सर बदलायचा खर्च धरल्यावर ते स्वस्त राहतं का, तेही बघा.

नागपूरच्या उन्हाचाही इथे संबंध येतो. हातात धरायच्या बऱ्याच अ‍ॅनालायझरांची काम करण्याची मर्यादा ४०-४५ अंशांपर्यंत असते. मे महिन्यात बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं यंत्र त्याच्या कितीतरी वर जातं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातम्या झाल्या होत्या. नंतर हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तेव्हा ५६ हा आकडाच खटकण्याजोगा होता, म्हणून लोकांनी शंका घेतली. अ‍ॅनालायझरवरचा शून्य कुणाला खटकत नाही. यंत्र सावलीत ठेवा, आणि गाडीतून काढल्यावर थोडा वेळ सावलीतल्या हवेत निवू द्या, मगच चालू करा.

चालू कुठे करता याला फार महत्त्व आहे. सुरू होताना यंत्र आजूबाजूची हवा शुद्ध आहे असं धरून चालतं. ऑक्सिजन २०.९ वर आणि कार्बन मोनॉक्साइड शून्यावर ते स्वतःच लावून घेतं. बॉयलरच्या खोलीत किंवा बाथरूमच्या दाराशी चालू केलंत आणि तिथे आधीच ३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३० भाग) असेल, तर ते ३० पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून गायब होतात. म्हणून गच्चीच्या मोकळ्या टोकाला जा, चिमणीच्या वाऱ्यापासून, जनरेटरपासून आणि मेसच्या धुरापासून लांब, आणि तिथे चालू करा.

मग यंत्राच्या नळीची गळती तपासा. प्रोबच्या टोकाला रबरी टोपी लावली की पंपाचा आवाज बदलायला हवा, किंवा यंत्राने प्रवाह अडल्याची सूचना द्यायला हवी. तसं झालं नाही तर नळी कुठेतरी चिरलेली आहे आणि यंत्र मधूनच बाहेरची हवा ओढतंय. अशा वेळी ऑक्सिजन जास्त दिसतो आणि कार्बन मोनॉक्साइड कमी. चूक नेहमी ‘सगळं चांगलं आहे’ याच बाजूला होते, म्हणून ही अर्ध्या मिनिटाची तपासणी मी कधी टाळत नाही. पाणी साठण्याची बाटली रिकामी आणि सरळ उभी हवी, कारण एलपीजीच्या धुरात भरपूर वाफ असते, ती नळीत निवते आणि सेन्सरपर्यंत पोचली तर सेन्सर बाद होतो. फिल्टर काळा पडला असेल तर बदला.

तपासणाऱ्याच्या कॉलरला वेगळा, आवाज करणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. अ‍ॅनालायझर चिमणीतली हवा मोजत असतो, तुमच्या नाकाजवळची नाही. भाच्याला एकट्याला काम करू देऊ नका. दुसरा माणूस दाराबाहेर, बोलत राहता येईल एवढ्या अंतरावर हवा.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी खोलीतली हवा, आणि तीही माणूस आत नसताना. बाथरूम नेहमी असतं तसंच ठेवा. थंडीत मुली झरोक्याला पुठ्ठा लावत असतील तर तो पुठ्ठा तसाच, एक्झॉस्ट फॅन लावत असतील तर तो चालू, दार बंद. प्रोब दाराच्या फटीतून किंवा झरोक्यातून नाकाच्या उंचीवर आत सोडा आणि यंत्र बाहेर हातात ठेवा. गिझर पेटवण्याआधीचं रीडिंग लिहा. मग बादलीत पाणी सोडून गिझर चालू करा आणि दर दोन मिनिटांनी कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन लिहीत जा. एका आंघोळीएवढा वेळ नको, लागोपाठ तीन आंघोळींएवढा. ३० पीपीएम ओलांडले की चाचणी तिथेच थांबवा, बाहेरूनच गॅस बंद करा, दार-खिडक्या उघडा आणि आकडा उतरेपर्यंत आत जाऊ नका.

आकड्यांना आधार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मार्गदर्शक पातळी घ्या. आठ तासांसाठी घनमीटरला १० मिलिग्रॅम म्हणजे साधारण ९ पीपीएम, एका तासासाठी ३५ मिलिग्रॅम म्हणजे ३० पीपीएम, आणि पंधरा मिनिटांसाठी १०० मिलिग्रॅम म्हणजे नव्वदच्या आत. मी कामात याहून कडक वागतो. उपकरण पेटवल्यावर खोलीतला आकडा सतत चढतोय आणि थांबत नाहीये, तर तो ९ वर असो की १५ वर, ते उपकरण नापास. धोका चढण्यात आहे, कारण तुम्ही चाचणी थांबवता, पण रांगेतली पुढची मुलगी थांबत नाही. काही शे पीपीएममध्ये तासा-दोन तासांत डोकं दुखतं. ८०० च्या आसपास पाऊण तासात चक्कर-मळमळ होते आणि दोन-तीन तासांत जीव जाऊ शकतो. त्यापुढे वेळ फार झपाट्याने कमी होत जातो.

एक्झॉस्ट फॅनबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तो लावला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला खाली वाट हवी. दाराखाली फट नसेल तर खोलीत ओढ तयार होते, आणि गिझरला चिमणी असेल तर फॅन त्याच चिमणीतून धूर उलटा आत खेचतो. हे पाहायला यंत्र लागत नाही. गिझर पाच-दहा मिनिटं तापू द्या, सगळे फॅन लावा, दार बंद करा आणि पेटलेली उदबत्ती गिझरच्या वरच्या भागात, चिमणीच्या तोंडाच्या कडेने फिरवा. गळतीचा वास नाही याची आधी खात्री करूनच. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो बाहेर खोलीकडे फेकला गेला तर तपासणी तिथेच संपली. मग चिमणीत कितीही सुंदर रीडिंग येवो.

चिमणी डोळ्यांनीही बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गिझर महिनोन्‌महिने बंद असतात, आणि तेवढ्यात कबुतरं पाइपात काड्या भरतात. नोव्हेंबरमध्ये थंडी पडली की लोक थेट बटण दाबतात. दिवाळीच्या सफाईतच चिमणीचं तोंड, जाळी आणि सांधे तपासायची सवय लावून घ्या.

मगच प्रोब चिमणीत. गच्चीवरच्या बॉयलरसाठी क्रम असा ठेवा. बर्नर किमान दहा मिनिटं पूर्ण ताकदीवर चालू द्या. प्रोबचं छिद्र बॉयलरच्या तोंडाजवळच, पण वळणावर नको. प्रोब हळूहळू आत-बाहेर करून जिथे तापमान सगळ्यात जास्त आणि ऑक्सिजन सगळ्यात कमी दिसतो तिथे थांबवा. तो प्रवाहाचा गाभा. छिद्राभोवतीची फट बंद करा, नाहीतर बाहेरची हवा मिसळते. हातमोजे घाला, कारण प्रोबची दांडी बाहेर काढताना भाजते. यंत्रात इंधन ‘एलपीजी’ निवडलंय ना ते बघा. कार्बन डायऑक्साइडचा आकडा ही यंत्रं बहुधा मोजत नाहीत, ऑक्सिजनवरून काढतात, आणि त्या हिशेबात इंधन चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. कार्बन डायऑक्साइड नैसर्गिक वायूला जास्तीत जास्त ११.७-११.९ टक्के, एलपीजीला १४ च्या जवळपास, डिझेलला साडेपंधरा. उद्या पाइप गॅसवर गेलात तर बर्नरचे जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्रं) बदलतील, तसं यंत्रातलं इंधनही बदलायचं.

फॅनने हवा ढकलणाऱ्या एलपीजी बर्नरवर मला ऑक्सिजन ३ ते ५ टक्के, कार्बन डायऑक्साइड साडेदहा ते बारा आणि कार्बन मोनॉक्साइड ५० पीपीएमच्या आत बघायला आवडतो. शंभराच्या वर गेला की मी कारण शोधतो. पण एकटा पीपीएम बघू नका, त्याच्यासोबत ऑक्सिजन बघा. समजा दोन ठिकाणी १८० पीपीएम दिसले. एका बॉयलरवर ऑक्सिजन ४ टक्के आहे, दुसऱ्या चिमणीवाल्या गिझरवर १४ टक्के. गिझरच्या धुरात भरपूर जादा हवा मिसळलेली आहे, ती हिशेबातून काढली पाहिजे. २०.९ ला (२०.९ वजा ऑक्सिजन) ने भागा आणि पीपीएमने गुणा. बॉयलरचे होतात साधारण २२३, गिझरचे ५४५. यंत्रावर आकडा सारखाच, पण गिझर अडीच पट वाईट जळतोय. बरीच यंत्रं कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडचं गुणोत्तर देतात, त्यात ही दुरुस्ती आपोआप होते. वरच्या उदाहरणात ते ०.००१६ आणि ०.००३९ येतं. ब्रिटनमध्ये कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणारा) बॉयलर चालू करताना ०.००४ ही रेघ धरतात. आपल्याकडे घरगुती शेगडीच्या भारतीय मानकात ०.०२ ही मर्यादा आहे. पण ती शेगडीची आहे, आणि शेगडी मोकळ्या स्वयंपाकघरात थोडा वेळ जळते. बंद खोलीतल्या गिझरला ती लावून समाधान मानू नये.

कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर कारणाचा अंदाज ऑक्सिजनच देतो. ऑक्सिजन कमी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त, तर हवा कमी पडतेय. ऑक्सिजन भरपूर असूनही कार्बन मोनॉक्साइड जास्त, तर ज्योत कुठेतरी थंड पत्र्यावर आपटतेय, बर्नर घाण झालाय किंवा हवा-गॅस नीट मिसळत नाहीत. अशा वेळी हवा आणखी वाढवून उपयोग नाही, बर्नर उघडून साफच करावा लागतो. आकडा हजारांत पळायला लागला तर प्रोब लगेच बाहेर काढा, सेन्सर वाचेल. कुठलंही रीडिंग झालं की मोकळ्या हवेत पंप चालू ठेवायचा, कार्बन मोनॉक्साइड शून्यावर आणि ऑक्सिजन २०.९ वर आल्याशिवाय यंत्र बंद करायचं नाही.

एफिशियन्सीच्या आकड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सुरक्षेच्या तपासणीत त्याकडे बघूच नका. तो आकडा म्हणजे शंभरातून चिमणीवाटे वाया जाणारी उष्णता वजा, बस्स. हवा कमी केली की तो वाढतो, आणि हवा कमी करत गेलं की एका टप्प्यानंतर कार्बन मोनॉक्साइड उसळतो. फक्त एफिशियन्सी वाढवण्याच्या मागे लागलेला माणूस नकळत धोक्याच्या दिशेनेच स्क्रू फिरवत असतो.

यातच नागपूरची एक खास अडचण आहे, आणि बाहेरगावच्या कंपन्यांचे सर्व्हिस इंजिनिअर ती बहुधा लक्षात घेत नाहीत. माझं बरंचसं काम हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत आणि हिवाळ्यात शहरातल्या लॉज, मंगल कार्यालयं, दवाखान्यांच्या बॉयलरवर असतं. हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास लॉजवाले बॉयलर ट्यून करून, म्हणजे हवा-गॅसचं प्रमाण लावून घेतात. डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंशांवर असते. तेच बर्नर मे महिन्यात ४५ अंशांत चालतात. फॅन दर मिनिटाला तेवढंच आकारमान ढकलतो, पण तापलेली हवा विरळ असते, म्हणून त्यात ऑक्सिजन साधारण दहा टक्क्यांनी कमी जातो. गॅस मात्र जवळजवळ तेवढाच. डिसेंबरात १५ टक्के जादा हवेवर (जळायला लागते त्याहून जास्त हवेवर) काटेकोर लावलेला बर्नर मे महिन्यात जेमतेम तीन टक्क्यांवर येतो, आणि ती कार्बन मोनॉक्साइडची हद्द आहे. उलट मे महिन्यात लावलेला बर्नर हिवाळ्यात थोडा जास्त गॅस खातो, पण सुरक्षित राहतो. म्हणून माझा सल्ला, वर्षातून दोनदा ट्यूनिंग, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. एकदाच जमत असेल तर उन्हाळ्यात करा. हिवाळ्यातच करायची वेळ आली तर ऑक्सिजन पाचच्या आसपास सोडा, तीनवर ओढू नका.

नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या चिमणीलाही हाच नियम लागतो. तीन मीटरच्या चिमणीत १२० अंशांचा धूर असेल तर थंडीच्या पहाटे तिला साधारण १० पास्कल (दाबाचं एकक) ओढ मिळते, मे महिन्याच्या दुपारी सहाच्या आसपास. मेसच्या कामासाठी बॉयलर दुपारी चालत असेल तर ड्राफ्टचं, म्हणजे या ओढीचं, एक रीडिंग उन्हाळ्यातच घ्या.

भाच्याने काय करावं आणि काय करू नये, हेही सांगून ठेवतो. मोजणं, लिहिणं, उदबत्तीची चाचणी, चिमणी पाहणं, हे त्याने जरूर करावं. बर्नरचा डँपर (हवा कमी-जास्त करायची झडप), गॅसचा दाब, जेट यांना हात लावू नये. ते बर्नरच्या प्रशिक्षित माणसाचं काम आहे, आणि तो काम करत असताना भाच्याने यंत्र घेऊन शेजारी उभं राहावं. १०० अंशांखाली पाणी तापवणारे बॉयलर सहसा बॉयलर कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक तुमच्याकडे येणार नाही. नोंदवही तुम्हीच ठेवायची. तारीख, बाहेरचं तापमान, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, धुराचं तापमान, ड्राफ्ट, आणि खोलीतलं रीडिंग.

आता काही गोष्टी तुमच्या इमारतीवर अवलंबून आहेत, त्या इथून ठरवता येत नाहीत. गिझर चिमणीचे आहेत की बिनचिमणीचे, बाथरूमचा झरोका मोकळ्या हवेत उघडतो की आतल्या डक्टमध्ये, चारही बाथरूमचा डक्ट एकच आहे का. डक्ट एक असेल तर एका बाथरूमचा धूर दुसऱ्यात जाऊ शकतो, म्हणजे ज्या बाथरूमचा गिझर बंद होता तिथेही आकडा तपासावा लागेल. पण गिझर बिनचिमणीचे निघाले, तर चाचणी कितीही चांगली आली तरी मी ते वसतिगृहाच्या बाथरूममध्ये परत लावणार नाही. ते बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत हलवा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्या. किंवा तिसऱ्या मजल्यासाठी एक छोटा प्रेशर पंप लावून गच्चीवरच्या बॉयलरचंच पाणी द्या. तुमची मूळ अडचण पाण्याच्या जोराची होती, गिझरची नव्हतीच. सोलरचाही विचार करा, नागपुरात ऊन कमी नाही.

तिसऱ्या मजल्याच्या बोळात आणि झोपायच्या खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मात्र कुठल्याही परिस्थितीत लावा. युरोपीय मानकाच्या ईएन ५०२९१ प्रकारचे घ्या. ते ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतात, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, ५० ला तास ते दीड तासात. त्यांच्यावरची बाद होण्याची तारीख लिहून ठेवा, आणि वाजला तर ‘बिघडला असेल’ म्हणून बॅटरी काढायची नाही, एवढं मुलींनाही सांगा.

यंत्राचं कॅलिब्रेशन झालं, की बाथरूमची दर दोन मिनिटांची नोंद, गिझरच्या वरच्या भागाचा फोटो, झरोका आणि दाराखालच्या फटीची मापं, आणि बॉयलरचे ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, धुराचं तापमान व ड्राफ्ट हे चार आकडे पाठवा. मोजलं त्या वेळी बाहेर किती तापमान होतं तेही लिहा. त्यावरून बर्नरवाल्याला नेमकं काय सांगायचं ते मी लिहीन.